अपील सरकारचे, थांबणे शेतकऱ्याचे

मार्च २०१७ मधली गोष्ट. अमृतसरहून दिल्लीकडे निघालेली स्वर्ण शताब्दी एक्स्प्रेस लुधियाना स्थानकात आली, तेव्हा फलाटावर एक शेतकरी आपल्या वकिलासह उभा होता. त्याच्या हातात न्यायालयाचा आदेश होता. लुधियाना-चंदीगड रेल्वेमार्गासाठी त्याची जमीन गेली होती. न्यायालयाने मोबदला वाढवून दिला होता, पण त्यातले सुमारे १ कोटी ५ लाख रुपये रेल्वेने दिलेच नव्हते. शेवटी जिल्हा न्यायालयाने त्या गाडीवरच जप्तीचा हुकूम काढला. आदेश गाडीच्या चालकाला दाखवण्यात आला आणि काही मिनिटांत गाडी पुढे सोडण्यात आली, कारण आत बसलेल्या प्रवाशांचा यात काहीच दोष नव्हता. शेतकरी फलाटावरून रिकाम्या हातांनी परतला.

महाराष्ट्रात असे प्रकार नवे नाहीत. वाढीव मोबदल्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या, टेबले आणि संगणक जप्त करायला बेलिफ आल्याची किंवा अपघाताच्या भरपाईसाठी एसटीची बस अडवल्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येतेच. दुसऱ्या दिवशी अधिकारी मुदत मागतात, सरकारी वकील अपील दाखल करून स्थगिती आणतात आणि खुर्च्या जागेवर येतात. बातमी तिथे संपते. ज्याने खटला जिंकला, त्याचे थांबणे मात्र तिथून नव्याने सुरू होते.

या थांबण्याची किंमत कोणी भरायची, असा हा प्रश्न आहे. एखाद्या व्यापाऱ्याविरुद्ध दहा लाखांचा हुकूमनामा झाला आणि त्याला अपील करायचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता त्याच्याशी बरीच कडक वागते. नुसते अपील दाखल केल्याने अंमलबजावणी थांबत नाही. ती थांबवायची तर वादातली रक्कम न्यायालयात भरावी लागते किंवा तिच्याइतके तारण द्यावे लागते. आदेश ४१ च्या नियम १ आणि ५ चा हा गाभा आहे आणि त्यामागचा विचार साधा आहे. खालच्या न्यायालयात जो जिंकला, त्याचा हक्क अपिलाच्या काळात वाऱ्यावर सोडता येत नाही. अपील करणाऱ्याला आणखी एक संधी हवी असेल, तर त्या संधीची जोखीमही त्यानेच उचलायला हवी.

याच संहितेच्या आदेश २७ मधला नियम ८-अ सरकारला यातून वगळतो. आदेश ४१ च्या नियम ५ आणि ६ मध्ये सांगितलेले तारण सरकारकडून मागता येणार नाही, आणि सरकारने ज्याचा बचाव हाती घेतला आहे अशा सरकारी अधिकाऱ्याकडूनही मागता येणार नाही, असे तो सांगतो. हा नियम १९३७ साली, भारत सरकार कायद्याशी जुने कायदे जुळवून घेताना संहितेत आला. तेव्हाचे केंद्रातले सरकार लोकांनी निवडलेले नव्हते. ब्रिटिश सम्राटाच्या वतीने राज्य चालवणाऱ्यांनी आपल्या न्यायालयांना सांगितले, की आमच्याकडे जामीन मागू नका. पुढे देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, १९७६ मध्ये दिवाणी संहितेत मोठ्या सुधारणाही झाल्या. हा नियम राहिला तो राहिलाच.

सरकारच्या बाजूने पहिला युक्तिवाद नेहमी एकच असतो: सरकार कुठे पळून जाणार आहे? व्यापारी दिवाळे काढेल, मालमत्ता बायकोच्या नावावर करेल, परदेशी जाईल. सरकारची तिजोरी जागेवरच असते. मग जामीन कशाला?

युक्तिवाद खरा आहे, पण अर्धाच. तारणाचे एक काम पैसे बुडू न देणे हे असते आणि सरकारच्या बाबतीत ती भीती खरोखरच नाही. पण तारणाचे दुसरे कामही असते: अपील करणाऱ्याला विचार करायला लावणे आणि थांबण्याचा सगळा बोजा एकाच बाजूवर पडू न देणे. सरकारची पैसे देण्याची ऐपत कोणीच नाकारत नाही. शंका असते ती देण्याच्या इच्छेबद्दल आणि देण्याच्या वेळेबद्दल. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला मिळायचे पैसे तो सत्तरीत गेल्यावर मिळणार असतील, तर तिजोरी भक्कम होती या माहितीचा त्याला काही उपयोग नाही. मधल्या वर्षांत मुलीचे लग्न कर्ज काढून झालेले असते, मुलाचे शिक्षण अर्धवट सुटलेले असते आणि विहिरीचे काम राहून गेलेले असते.

शिवाय सरकारला आधीच पुष्कळ सवलती आहेत. त्याच्यावर दावा करायचा तर संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याच्याविरुद्धच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, कलम ८२ नुसार तीन महिने चालवता येत नाही. सरकारी यंत्रणा मोठी असते, फाइल अनेक टेबलांवरून फिरते, म्हणून या सवलती समजण्यासारख्या आहेत. पण नोटिशीला आणि दरखास्तीला मर्यादा तरी आहे. अपिलातल्या स्थगितीला ती नाही.

धरणाखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा रस्ता एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. भूसंपादन अधिकारी निवाडा जाहीर करतो. शेतकऱ्याला तो कमी वाटतो, पण पैसे तो निषेध नोंदवून उचलतो, कारण घर चालवायचे असते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांत त्याला कलम १८ खाली जिल्हा न्यायालयाकडे संदर्भ मागावा लागे. तिथे शेजारच्या जमिनींची खरेदीखते, झाडांची मोजणी, विहिरीचे मूल्यांकन, साक्षी, उलटतपास असे सगळे होते. न्यायालय मोबदला वाढवते आणि कायद्याने तो निकाल हुकूमनामाच ठरतो. मग सरकार किंवा ज्याच्यासाठी जमीन घेतली ते महामंडळ उच्च न्यायालयात प्रथम अपील करते. तिथे स्थगिती मिळते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठांपुढे अशी भूसंपादनाची अपिले हे रोजचे काम आहे.

न्यायालयांनी शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. तारण मागायला नियमाची मनाई असली, तरी स्थगितीची अट म्हणून वाढीव रक्कम न्यायालयात जमा करा, असे आदेश अनेक न्यायमूर्ती देतात. महामंडळे म्हणजे सरकार नव्हे, असे म्हणूनही मार्ग काढला जातो. पण हा सगळा न्यायमूर्तींच्या विवेकाचा भाग आहे. कायद्याने शेतकऱ्याच्या हाती हक्क म्हणून काहीच दिलेले नाही. एका प्रकरणात पूर्ण रक्कम जमा होते, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यात मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत जाते.

रक्कम जमा झाल्यानंतर जे घडते, ते सगळ्यांत बोचणारे आहे. जमा रकमेतला काही भाग उचलायची परवानगी शेतकऱ्याला मिळते, पण उद्या अपिलात तो हरला तर पैसे परत यावेत म्हणून त्याला अनेकदा जामीन द्यायला सांगितले जाते. जामीनदार ऐपतदार हवा, म्हणजे तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला हवा, म्हणजे कोणाच्या तरी नावावर सातबारा हवा. या माणसाचा स्वतःचा सातबारा तर धरणाच्या पाण्याखाली गेलेला असतो. मग तो मेहुण्याकडे किंवा गावातल्या एखाद्या बागायतदाराकडे जातो आणि आपल्याच जमिनीचे पैसे उचलण्यासाठी दुसऱ्याची जमीन अडकवायची विनवणी करतो. त्याच खटल्यात सरकारला मात्र तारण माफ असते. जिंकलेला माणूस जामीन शोधत फिरतो आणि हरलेल्याकडे कोणी जामीन मागत नाही. या व्यवस्थेत दुरुस्ती हवी हे पटवण्यासाठी आणखी कोणता दाखला लागावा?

गंमत वाटावी असे यात काही नाही, पण हीच सवलत बड्या कंत्राटदारांच्या बाबतीत गेल्या दशकात जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्याची हकिगत बोलकी आहे.

१९९६ च्या लवाद कायद्यात एक दोष होता. लवादाच्या निवाड्याला कलम ३४ खाली आव्हान दिले, की निवाड्याला आपोआप स्थगिती मिळायची. अर्ज केला एवढे पुरे. पैसे भरायला नकोत, कारण सांगायला नको. २००४ मध्ये नॅशनल अॅल्युमिनियमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीमुळे लवादाचा हेतूच मारला जातो, अशी खंत व्यक्त करून दुरुस्ती सुचवली. दुरुस्ती आली ती २०१५ मध्ये. आपोआप मिळणारी स्थगिती गेली आणि पैशांच्या निवाड्याला स्थगिती देताना हुकूमनाम्याचे नियम ध्यानात घ्यावेत, असे ठरले. पण २०१९ मध्ये संसदेने कलम ८७ घालून जुन्या प्रकरणांपुरती आपोआप मिळणारी स्थगिती परत आणली.

याविरुद्ध हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली, वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी ही कंपनी. तिचे म्हणणे होते, की सरकारी संस्थांविरुद्धचे सहा हजार कोटींहून अधिक रुपयांचे निवाडे तिच्या हाती आहेत, पण पैसे अडकले आहेत. दुसरीकडे, तिच्याकडून पैसे येणे असलेला एखादा छोटा पुरवठादार दिवाळखोरी संहितेखाली तिलाच न्यायाधिकरणात खेचू शकत होता. सरकारी महामंडळ निवाडा हरूनही पैसे देत नाही आणि त्यामुळे कंत्राटदार दिवाळखोरीच्या दारात उभा राहतो, हे न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांच्या खंडपीठाने बारकाईने पाहिले. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी कलम ८७ उघडउघड मनमानी ठरवून रद्द करण्यात आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये पॅम डेव्हलपमेंट्स विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थेट नियम ८-अ वर बोट ठेवले. उच्च न्यायालयाने या नियमाच्या आधारे राज्याला विनाअट स्थगिती दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम ब्रिटिश राजवटीतला असल्याकडे लक्ष वेधले आणि लवादाच्या प्रकरणांत सरकारला वेगळी वागणूक मिळणार नाही, असे सांगितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कामराजर बंदराच्या प्रकरणात हीच भूमिका आणखी स्पष्ट झाली: तारण कोणत्या स्वरूपाचे घ्यायचे, हे पक्षकार सरकारी आहे की खासगी यावर ठरवता येणार नाही.

केंद्र सरकारनेही हळूहळू हे मान्य केले आहे. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ठरवले, की लवादाचा निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचे असेल, तर निवाड्यातली ७५ टक्के रक्कम बँक हमी घेऊन कंत्राटदाराला द्यावी. २०१९ मध्ये ही तरतूद सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम २२७-अ म्हणून आली. म्हणजे सरकारने आपल्या तिजोरीच्या नियमांतच लिहून ठेवले आहे, की अपील करताना पैसे बाजूला काढता येतात. राज्यकारभार त्याने थांबलेला नाही.

हे सगळे चांगले झाले. पण झाले कोणासाठी? पूल बांधणाऱ्या कंपनीचे वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकतात आणि कायदे बदलवून घेऊ शकतात. मोबदल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत काढायलाही उसने पैसे लागणाऱ्या माणसाकडे तेवढी ताकद नसते. त्यामुळे आज विचित्र स्थिती आली आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली, तर १९५६ च्या महामार्ग कायद्याप्रमाणे वाढीव मोबदला लवाद ठरवतो, म्हणून तिथे लवाद कायद्याची नवी कडक वाट लागू होते. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या शेतकऱ्याची जमीन तलावासाठी गेली असेल, तर त्याची गाठ दिवाणी संहितेशी आणि १९३७ च्या नियमाशी पडते. दोघांची माती एक, दोघांचा देणेकरीही सरकारच. अपिलाच्या काळातला हक्क मात्र वेगवेगळा. या फरकामागे कोणी ठरवून आखलेले धोरण नाही. एक कायदा नवा आणि एक जुना, एवढेच त्याचे कारण आहे.

आता नागरिक सरकारविरुद्ध अपिलात जातो तेव्हा काय होते, तेही पाहावे. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध पहिले अपील करायचे, तर वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. आयकराच्या मागणीला स्थगिती हवी, तर साधारणतः २० टक्के भरा, असे प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१७ चे निर्देश आहेत. बँकांच्या थकबाकीच्या प्रकरणांत अपिलीय न्यायाधिकरणाची पायरी चढायला निम्मी रक्कम लागते. दुकानदाराने सरकारशी भांडायचे तर आधी पैसे मोजायचे आणि सरकारने दुकानदाराशी भांडायचे तर फुकट, अशी रचना समान न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने दाखवले होते, की करविषयक खटल्यांत खात्याच्या यशाचे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. तरीही खाते अपिले करत राहते.

दुसरीकडे, अलीकडच्या अनेक कायद्यांत संसदेने अनामत सर्वांना सारखी लावली आहे आणि त्यात सरकारला सूट दिलेली नाही. मोटार वाहन कायद्यात अपघात भरपाईविरुद्ध अपील करायचे, तर २५ हजार रुपये किंवा निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध जाताना निम्मी रक्कम भरावी लागते. छोट्या उद्योगांच्या थकबाकीच्या बाबतीत तर आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने ही अनामत चुकवण्यासाठी असा मुद्दा काढला होता, की लवादाच्या निवाड्याला दिलेले आव्हान म्हणजे अपील नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लघुउद्योगांच्या विकासासाठी काढलेल्या महामंडळाने लघुउद्योगाचे पैसे रोखण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. २०२१ मध्ये गुजरातच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणालाही ७५ टक्क्यांतून सूट मिळाली नाही. या नियमांमुळे कोणतेही राज्य अडचणीत आले नाही. मग वाढीव मोबदल्याच्या वेळीच सरकारला सवलत का?

याला एक वजनदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सार्वजनिक पैसा एकदा बाहेर गेला, की परत मिळवणे अवघड असते. दिल्ली मेट्रोचे प्रकरण सगळ्यांच्या आठवणीत आहे. विमानतळ मार्गावरून रिलायन्स समूहाच्या कंपनीशी झालेल्या वादात २०१७ मध्ये लवादाने मेट्रो महामंडळाविरुद्ध सुमारे २,८०० कोटींचा निवाडा दिला. व्याजासह तो आकडा सात हजार कोटींच्या पुढे गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा कायम केला. आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उपचारात्मक याचिकेत तो रद्द करून मेट्रोने भरलेली रक्कम परत करण्याचा आदेश दिला. सरकारी वकील म्हणतील, पाहा, पैसे आधी दिले असते तर काय झाले असते?

हा आक्षेप गंभीर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की पैसे न्यायालयात जमा व्हावेत, मोठ्या रकमा हमीशिवाय हाती देऊ नयेत आणि काय द्यायचे ते न्यायालयाने ठरवावे. अनामत घेऊच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. न्यायालयाच्या निबंधकाकडे मुदतठेवीत असलेली रक्कम सरकारने गमावलेली नसते. सरकार जिंकले, तर ती व्याजासह परत येते. आणि हजारो कोटींच्या समूहाला लावायची सावधगिरी दोन एकरांच्या मालकाला लावणे हा तर वेगळाच अन्याय आहे.

करदात्याच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहावा. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर दरवर्षी १५ टक्के व्याज होते. १० लाखांची वाढ १० वर्षे अडकली, तर नुसते व्याजच १४ लाख ४० हजार होते. मूळ रकमेपेक्षा व्याज मोठे. हे पैसे कोणा अधिकाऱ्याच्या पगारातून जात नाहीत. ते शाळा, दवाखाने आणि पाटबंधाऱ्यांच्याच पैशांतून जातात. रक्कम वेळेवर शेतकऱ्याच्या हाती पडली, तर व्याज चढायचे थांबते. सार्वजनिक पैसा वाचवण्याच्या नावाखाली अपिले लांबवणाऱ्यांनीच सार्वजनिक पैशाचे मोठे नुकसान केले आहे.

पैशांची तरतूद अर्थसंकल्पात नाही, ही दुसरी नेहमीची सबब. तिला उत्तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद ११२ आणि २०२ नुसार न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा किंवा निवाडा भागवण्यासाठी लागणारी रक्कम हा एकत्रित निधीवर भारित खर्च असतो. म्हणजे त्यावर विधिमंडळात मतदानच होत नाही. न्यायाधीशांचे पगार आणि सरकारी कर्जावरचे व्याज ज्या पंक्तीत आहेत, त्याच पंक्तीत न्यायालयाने ठरवलेले देणे घटनाकारांनी बसवले आहे. न्यायालयाचे देणे मागे पडू नये, याची काळजी त्यांनी १९४९ मध्येच घेतली होती.

मग अपिले का होत राहतात? मंत्रालयात काम केलेला कोणीही खाजगीत कारण सांगेल: पैसे दिल्याबद्दल चौकशी होऊ शकते, अपील केल्याबद्दल कधीच होत नाही. मोबदला मान्य करून फाइल बंद करणाऱ्या अधिकाऱ्यावर उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल, शेतकऱ्याशी संगनमत केल्याचा संशयही येईल. "अपील करावे" असा शेरा मारणारा मात्र निवृत्तीपर्यंत सुरक्षित असतो. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारचे एक अपील तब्बल ६६३ दिवस उशिरा आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने या वृत्तीला नावच दिले: ही प्रमाणपत्रासाठीची अपिले आहेत, फेटाळल्याचा शिक्का मिळवून जबाबदारीतून सुटण्यासाठी केलेली. न्यायालयाने २५ हजार रुपयांचा भुर्दंड लावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय खटला धोरण मांडले होते. सरकारने जबाबदार पक्षकारासारखे वागावे, असे त्यात लिहिले होते. पुढे काय झाले, हे न्यायालयांच्या रोजच्या यादीवरून दिसतेच.

उपदेशाने जे झाले नाही, ते अनामतीने होऊ शकते, याचे कारण इथे आहे. अपील करायचे तर आधी पैसे उभे करावे लागतील, असे कळल्यावर फाइलवर पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला जाईल: हे अपील जिंकण्यासारखे आहे का? वित्त विभाग विचारेल, विधी विभागाला लेखी मत द्यावे लागेल. दुबळे अपील तिथेच थांबेल. आणि भक्कम अपील करणाऱ्या खात्याला पैसे बाजूला ठेवायला काही अडचण असू नये, कारण ते परत मिळणार याची त्याला खात्री असते.

हा प्रश्न भारतापुरताच नाही. अमेरिकेतल्या संघीय दिवाणी नियमांत नियम ६२ सरकारला अपिलातल्या स्थगितीसाठी हमीतून सूट देतो, तर नियम ६५ तात्पुरता मनाई हुकूम मागणाऱ्या नागरिकाकडून हमी घ्यायला सांगतो आणि त्यातूनही सरकारला वगळतो. मार्च २०२५ मध्ये व्हाइट हाउसने सर्व खात्यांना कळवले, की सरकारविरुद्ध मनाई हुकूम मागणाऱ्यांकडून न्यायालयाने हमी घ्यावी असा आग्रह धरा. स्वतः सूट घेऊन इतरांकडे जामीन मागण्याचा मोह कोणत्याही सत्तेला होतो, मग ती लोकनियुक्त का असेना. म्हणूनच हा विषय सरकारच्या सदिच्छेवर सोडून चालत नाही.

अर्थात सगळीकडे अनामत मागणे शहाणपणाचे नाही. एखादा कायदा घटनाबाह्य ठरवणारा निकाल, आरक्षणाचा किंवा निवडणुकीचा वाद, धोरणाचा प्रश्न अशा ठिकाणी पैशांत मोजण्यासारखे काही नसते. तिथे सरकारने हमीविना वर जावे. वार्षिक उत्पन्न काही लाखांचे असलेल्या ग्रामपंचायतीवर मोठा हुकूमनामा आला, तर तिला कारणे नोंदवून सूट देण्याचा अधिकार न्यायालयाकडे असावा. पण निव्वळ पैशांचा हुकूमनामा आणि देणेकरी राज्य, केंद्र किंवा महामंडळ असेल, तर नियम सगळ्यांना सारखा हवा. अपिलासोबत निदान अर्धी रक्कम न्यायालयात जमा व्हावी. ती झाली नाही तर दरखास्त थांबू नये. जमा रकमेतला ठरावीक वाटा, विशेषतः छोट्या जमीनधारकांच्या बाबतीत, शेतकऱ्याला जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीपत्रावर मिळावा. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे दुसऱ्याचा सातबारा मागणे तरी लगेच थांबायला हवे. त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेल.

नियम ८-अ साठी मात्र बदल लागेल आणि त्यासाठीही दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. दिवाणी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. शिवाय संहितेच्या कलम १२२ खाली प्रत्येक उच्च न्यायालय आपल्या हद्दीपुरते पहिल्या अनुसूचीतले नियम बदलू किंवा रद्द करू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने हा अधिकार यापूर्वी अनेक नियमांबाबत वापरला आहे. फक्त कलम १२६ प्रमाणे अशा बदलाला राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. ज्यांच्याविरुद्ध हुकूमनामे आहेत, त्यांचीच सही लागणार आहे. म्हणून विधिमंडळातल्या सदस्यांना, वकील संघटनांना आणि प्रकल्पग्रस्तांच्या समित्यांना विनंती आहे: अशा बदलाला मान्यता देणार का, हा एक प्रश्न पुढच्या अधिवेशनात सरकारला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.